शाळांना टाळे लावणारी काउंटी

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे, तंबाखू पिकवणारा खेड्यापाड्यांचा मुलूख. तेथे काळ्या-गोऱ्यांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या. फार्मव्हिल गावी काळ्यांसाठी मोटन हायस्कूल १९३९ साली १८० मुलांकरिता बांधले. पुढे त्यात साडेचारशे मुले कोंबली. नवी इमारत मागितली, तर शाळा मंडळाने डांबरी कागद ठोकलेली खोपटी उभारून दिली. पावसात ती गळायची.

२३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने मुख्याध्यापकांना खोट्या निरोपाने बाहेर धाडलं, सभा भरवली आणि शाळेत संप पुकारला! संप म्हणजे काय, हे आम्हा गिरणी कामगारांना कुणी सांगायला नको. मुलांची मागणी चांगल्या शाळेची होती. वकील म्हणाले, वेगळेपणच मोडायचं असेल तर दावा लढू. आईबाप तयार झाले. ब्राउन खटल्यात इतर दाव्यांबरोबर तो १९५४ साली जिंकला.

खरा सूड त्यानंतरचा. मुले एकत्र बसवण्याची पाळी आली तेव्हा, १९५९ साली, काउंटीने सरकारी शाळांचा पैसाच तोडला, सगळ्यांना टाळे! गोऱ्यांनी आपली खाजगी शाळा काढली. काळ्यांची पोरं कुणी परगावी नातेवाइकांकडे गेली, कुणी चर्चमध्ये जमेल तेवढं शिकली, बाकीची घरी नाहीतर शेतात. चार वर्षांनी देणग्यांवर तात्पुरत्या शाळा निघाल्या. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा कुठे सरकारी शाळा उघडल्या.

या मुलांसाठी राज्याने शिष्यवृत्ती काढली ती २००४ साली. तोवर ती पन्नाशी-साठीला आली होती.