हास्याचे गवत

भाषेत नवे शब्द राजदरबारातून येतात, पंडितांच्या लेखणीतून येतात, तसेच रिकामटेकड्या म्हणून हिणवलेल्या मंडळींच्या थट्टेतूनही येतात. ह्या तिसऱ्या प्रकारच्या शब्दांची दप्तरी नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. जपानमधील ‘कुसा’ ह्या शब्दाचा इतिहास त्या दृष्टीने बोधप्रद आहे.

‘कुसा’ म्हणजे गवत. परंतु तेथील तरुण मंडळी हसू आले की हाच शब्द लिहितात. जपानी नियतकालिकांत मुलाखत छापताना, बोलणारा हसला तर कंसात हास्याचे चित्राक्षर घालण्याची रीत आहे. इंटरनेटवरील गप्पांत तेवढीही सवड नव्हती. संगणकावर जपानी मजकूर बहुधा रोमन अक्षरांच्या कळा दाबून उतरवितात. तेव्हा हास्यवाचक ‘वाराई’ ह्या शब्दाचे पहिले रोमन अक्षर, डब्ल्यू, तेवढ्यावरच काम भागू लागले. हसू अनावर झाले की त्या अक्षराची रांग लागे. ती रांग कोवळ्या गवताच्या पात्यांसारखी दिसे. म्हणून ‘गवत उगवले’ हा वाक्प्रचार निघाला आणि अखेर नुसते ‘गवत’ उरले.

ह्या बोलीला रंगमंच मिळाला तो डिसेंबर २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘निकोनिको दोगा’ ह्या संकेतस्थळावर. तेथे प्रेक्षकांचे शेरे चालत्या चित्रावरूनच उजवीकडून डावीकडे सरकत जातात. प्रत्येक शेरा चित्रफितीतील विवक्षित क्षणाशी बांधलेला असतो. त्यामुळे आज पाहणारा आणि महिन्याने पाहणारा, दोघे जणू शेजारी बसून हसतात. आठाला जपानीत ‘हाची’ म्हणतात आणि टाळ्यांच्या आवाजाला ‘पाचीपाची’; म्हणून आठाच्या आकड्यांची रांग म्हणजे टाळ्यांचा कडकडाट. एकाकी प्रेक्षकाला अशा रीतीने सभागृह लाभले. चीनमध्ये २००९ साली निघालेल्या ‘बिलिबिली’नेही हीच पद्धत उचलली.

ह्या मंडळींना समाजाने प्रथम आदराने वागविले नाही. ‘ओताकू’ हे मूळचे ‘आपण’ अशा अर्थाचे आदरार्थी संबोधन. १९८३ साली नाकामोरी आकिओ ह्या लेखकाने ते ॲनिमे आणि चित्रकथांच्या वेड्या चाहत्यांना उपहासाने लावले. पुढे काळ पालटला. २०२४ साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने त्याच जगातील ‘इसेकाई’ आणि ‘मांगाका’ हे शब्द स्वीकारले.

तथापि कोशात शब्द राहतो, त्याभोवतीची मैफल राहत नाही. ३१ मार्च २०१९ रोजी जपानमधील ‘जिओसिटीज’ ही सेवा बंद झाली आणि सामान्य माणसांनी हौसेने रचलेली असंख्य पाने नाहीशी झाली. ८ जून २०२४ रोजी सायबर हल्ल्यामुळे निकोनिकोचे कामकाज थांबले, ते ५ ऑगस्टला पुन्हा सुरू झाले. ओवी पिढ्यान् पिढ्या कंठात टिकली. ह्या नव्या लोकवाणीचे दप्तर मात्र खाजगी कंपन्यांच्या यंत्रांत आहे. ते कोणी व कसे जपावे, ह्याचा विचार ग्रंथालयांनी आणि अभिलेखागारांनी वेळीच केला पाहिजे.