कपड्यांवरचा डाग काढायचाय? आधी डाग ओळखा, मग पाणी घाला!

लवासा (ता. मुळशी) : घाटमाथ्यावरचा पाऊस एकदा सुरू झाला की कपड्यांचे हाल विचारू नका. दासवे, मुगाव परिसरात भातलावणीच्या दिवसांत अंगावरचा कपडा चिखलात आणि दोरीवरचा कपडा दमटपणात. त्यात पोरांच्या गणवेशाचे जेमतेम दोन जोड. डाग पडला की आपण काय करतो? गरम पाणी, भरपूर साबण आणि जोरात घासणी. नेमकं इथंच चुकतं. बरेच डाग पडल्यामुळे नाही, तर पहिल्याच चुकीच्या धुण्यामुळे कायमचे बसतात. कोणत्या डागाला काय करायचं, ते पाहूया.

रक्त, दूध, अंडे
या डागांना गरम पाणी अजिबात नको. यात प्रथिने असतात, ती उष्णतेने घट्ट होऊन धाग्यात बसतात. कपडा लगेच थंड पाण्यात टाका. रक्ताचा डाग वाळला असेल तर थंड पाण्यात मीठ घालून अर्धा तास भिजवा, मग साबण लावा. मासिक पाळीच्या कपड्यांनाही हेच लागू आहे. हे कपडे धुऊन आडोशाला न ठेवता कडक उन्हात वाळवा.

हळद
हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. घाबरू नका. हळदीतला रंग साबणाच्या क्षाराने लाल होतो, लिंबू लावलं की पुन्हा पिवळा दिसतो. साबणाने धुऊन कपडा ओला असतानाच उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन उन्हांत डाग फिका होत जातो. पावसाळ्यात मात्र उघडीप मिळेपर्यंत थांबावं लागतं.

जांभूळ, करवंद
हा डाग साबणाने निळसर पडतो. म्हणून आधी साबण नको. कपडा उलटा धरून मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडा, मग लिंबू किंवा व्हिनेगर लावा. साबण शेवटी. चहाच्या डागालाही आधी अशीच धार द्या.

चिखल
ओला चिखल चोळला की माती आणखी आत जाते. वाळू द्या, झटका, ब्रशने काढा, मग पाणी. तांबड्या मातीचा रंग लोहामुळे असतो, त्यावर ब्लीच चालत नाही. राहिलेल्या डागावर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा. पत्र्याच्या ट्रंकेचा किंवा तारेचा गंज लागला असेल तरी हाच उपाय. गंजावर ब्लीच टाकलं तर डाग जास्तच पक्का होतो.

तेल, ग्रीस, फणसाचा चीक
तेलावर आधी पीठ किंवा टाल्कम पावडर टाका, तेल शोषलं की झटका. मग भांड्याचा साबण आणि कोमट पाणी. चीक पाण्याने निघत नाही. त्यावर खोबरेल तेल चोळा, चीक सुटला की तेलाचा डाग काढतो तसा काढा.

बॉलपेनची शाई
खाली जुनं फडकं ठेवा. कापसावर सॅनिटायझर घेऊन टिपत राहा, घासू नका. घासलं की शाई पसरते.

बुरशीचे काळे ठिपके
आपल्याकडे श्रावणात हमखास दिसणारा डाग. कपडा घराबाहेर नेऊन ब्रशने झाडा, धुवा, उन्हात टाका. पांढऱ्या सुती कपड्याला बाटलीवर दिलेल्या प्रमाणात ब्लीच चालेल. रेशीम आणि लोकरीला ब्लीच कधीच नको, त्यांना रिठ्याचं पाणी बरं. ओले कपडे ढिगात ठेवले की बुरशी धरतेच, म्हणून घरातच का होईना, पण पसरून टाका.

न जाणारा डाग
बिब्ब्याचा. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्बाच वापरायचे, कारण ती खूण धुण्याने जात नाही. त्यामागे वेळ घालवू नका. शिवाय बिब्ब्याचं तेल कातडीवर उततं, हात जपा.

हे मात्र कधीच करू नका
डाग जात नाही म्हणून ब्लीच किंवा टीसीएल पावडरमध्ये संडास धुण्याचं ॲसिड मिसळू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. चुकून मिसळलं गेलंच तर हुंगत बसू नका, लगेच मोकळ्या हवेत या. श्वासाला त्रास होत असेल तर दवाखाना गाठा. व्हिनेगर आणि लिंबूसुद्धा ब्लीचसोबत नको.

रॉकेलने ग्रीस काढत असाल तर चुलीपासून लांब. आणि ब्लीचचं पाणी ओढ्यात सोडू नका. मोसे नदीचं पाणी वरसगाव धरणात जातं, पुढं तेच पुणेकर पितात.

शेवटचं लक्षात ठेवा : रंगीत कपड्यावर कोणताही उपाय आधी आतल्या शिवणीवर करून बघा. आणि डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका. इस्त्री फिरली की उरलेला डागही पक्का झाला समजा.