प्रतिपिंडांची वाटचाल : मुंबईच्या प्लेगपासून ज्वारीच्या पानापर्यंत

प्रतिपिंड म्हटले की आपल्याला रोग आणि लस यांचीच आठवण होते. 2020 च्या करोना साथीत तर हा शब्द घराघरांत पोहोचला. परंतु याच प्रतिपिंडांच्या साहाय्याने शास्त्रज्ञांनी वनस्पतींच्या अंतरंगात डोकावून पाहिले, ही हकिगत आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही. तिचा धागा आपल्या मराठवाड्याच्या ज्वारीपर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून ती या अंकात सांगावीशी वाटते.

1890 साली बर्लिन येथे बेहरिंग आणि त्यांचे जपानी सहकारी कितासातो यांनी दाखवून दिले की, धनुर्वाताच्या विषाला तोंड दिलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाचा बीमोड करणारे काही द्रव्य तयार होते आणि ते दुसऱ्या प्राण्याला देता येते. हेच प्रतिपिंड. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1896 मध्ये, मुंबईत प्लेग शिरला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक टोचून घेण्यास धजत नव्हते. अशा वेळी विशीच्या आगाखान, सर सुलतान महंमद शाह यांनी लोकांसमक्ष स्वतः लस घेतली, आपल्या जमातीला तिचे महत्त्व पटवले आणि खुश्रू लॉज ही आपली वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. आजच्या पालकांनी हा प्रसंग मुलांना अवश्य सांगावा. 1899 मध्ये ही प्रयोगशाळा परळला गेली आणि 1925 पासून तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. याच संस्थेने पुढे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावरील प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार केले.

घोणशीच्या विषाविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड नागाच्या विषावर तसेच चालेल असा भरवसा धरता येत नाही. प्रतिपिंड ज्याच्यासाठी घडले त्यालाच धरते. औषध म्हणून ही अडचण आहे, म्हणून तर चार सापांची विषे घ्यावी लागतात. परंतु शोधकाला नेमके हेच हवे असते. पानाच्या अर्कात हजारो प्रथिने असतात. त्यांतले एकच ओळखून काढणारा साक्षीदार कोठून आणायचा? वनस्पतीच्या अंगी प्रतिपिंडे नसतात. तेव्हा वनस्पतीचे प्रथिन शुद्ध करून सशाला टोचावे, काही आठवड्यांनी त्याचे थोडे रक्त घ्यावे, म्हणजे त्या रक्तद्रवात साक्षीदार तयार असतो.

असे एक प्रथिन म्हणजे फायटोक्रोम. अंधाऱ्या कपाटात राहून गेलेल्या मुगाचे मोड आपण पाहिले असतील. पिवळट, लांबलचक, मान वाकलेले. उजेडात ठेवताच ते सरळ होऊन हिरवे होतात. उजेड आल्याची वर्दी त्यांना देणाऱ्यांत फायटोक्रोम प्रमुख आहे. 1959 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे ते प्रथम ओळखले गेले. 1971 साली प्रॅट आणि कोलमन यांनी प्रतिपिंडांच्या मदतीने ते अंधारात वाढवलेल्या रोपांच्या कोणत्या पेशींत आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. 1975 मध्ये तर त्याहून नवलाची गोष्ट दिसली. अंधारात पेशीभर पसरलेले फायटोक्रोम लाल प्रकाश मिळताच ठिपक्याठिपक्यांनी गोळा होते आणि नंतर पुन्हा विखुरते.

इथवर सारे सुरळीत होते. मात्र बहुतेक अभ्यास अंधारातल्या रोपांवर होत असे, कारण त्यांत हे प्रथिन विपुल असते आणि हरितद्रव्याचा अडथळा नसतो. 1985 साली अंधारातल्या ओटच्या फायटोक्रोमविरुद्ध घडवलेली प्रतिपिंडे उजेडातल्या हिरव्या ओटवर लावून पाहिली, तेव्हा तेथील बरेचसे फायटोक्रोम त्यांनी ओळखलेच नाही. एखाद्याने प्रयोग फसला म्हणून नळ्या धुऊन टाकल्या असत्या. परंतु दोन वेगवेगळ्या गटांना तेच आढळले. हिरव्या पानातले प्रथिन आकारानेही किंचित लहान निघाले. फायटोक्रोम एक नसून अनेक आहेत, हे साक्षीदाराच्या या नकारातूनच ध्यानात आले. 1989 मध्ये जनुकांच्या अभ्यासाने त्यावर शिक्कामोर्तब झाले.

दरम्यान 1975 साली केंब्रिज येथे कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशातून अगदी एकजिनसी प्रतिपिंडे मिळवण्याची रीत शोधली होती. तिचे पेटंट घेतले गेले नाही. 1984 मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या रीतीमुळे दोन जवळच्या फायटोक्रोमांत भेद करणारे साक्षीदारही घडवता येऊ लागले.

आता ज्वारीकडे वळू. ज्वारी रात्र मोठी होऊ लागली की फुलावर येते, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अमेरिकेतील टेक्ससमध्ये ज्वारीचा एक असा वाण होता की, तो दिवस मोठे असतानाही लवकर फुले आणि अंगाने उंच, सडपातळ वाढे, जणू तो कायम सावलीतच उभा आहे. 1992 साली त्याच्या पानांचा अर्क प्रतिपिंडांपुढे ठेवला गेला. अंधारातले फायटोक्रोम त्यात होते. हिरव्या पानात प्रामुख्याने असणारे मात्र गैरहजर होते. 1997 मध्ये त्याचे जनुक हाती आले आणि ते ‘फायटोक्रोम बी’ या प्रथिनाचे असल्याचे ठरले. दाट पेरणीत शेजारच्या ताटाची सावली ओळखण्याचे कामही मुख्यतः हेच प्रथिन करते.