सातबारा नसलेल्यांची पत

माझ्या आजोबांना सोसायटीचं कर्ज कधी मिळालं नाही. माणूस बुडवा नव्हता. कोयना धरणात गाव गेलं, भातखाचरं शिवसागराच्या पाण्याखाली गेली आणि बदली जमिनीचा सातबारा नावावर व्हायला कैक वर्षं लागली. नव्या गावातले सोसायटीचे सचिव म्हणायचे, "आबा, तुमच्याबद्दल शंका नाही, पण कागद कुठाय?" पुढे वडील नोकरीला कोयनानगरात आले. मी तिथेच वाढलो आणि सोसायटी म्हणजे सातबारा, हेच धरून चाललो.

सहकाराचा इतिहास वाचताना कळलं, सुरुवात अगदी उलटी होती. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, कारण जमीन त्या कागदांत अडकली होती. जर्मनीत रायफायझनने तेव्हा वेगळा मार्ग काढलेला होता: कर्ज गावातल्या माणसांनी एकमेकांना द्यायचं आणि जबाबदारी अमर्याद. म्हणजे एकाने बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं. ऐकायला भयंकर वाटतं. पण त्यामुळे कोण कष्टाळू, कोण जुगारी, कोणाची म्हैस खरंच आटली, हे बघणं प्रत्येकाच्याच हिताचं झालं. शेजाऱ्याची माहिती हेच तारण. आपल्याकडे १९०४ च्या कायद्याने ग्रामीण पतसंस्थांना हाच नियम लावला. दहा जण जमले की संस्था काढता यायची.

मग कागद परत आला कसा? १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत दिसलं की शेतकऱ्याच्या कर्जातला सहकाराचा वाटा जेमतेम ३.१ टक्के, सावकारांचा सत्तरच्या आसपास. पाहणी समितीत धनंजयराव गाडगीळ होते. कर्ज जमिनीच्या मालकीवर नको, उभ्या पिकावर द्या, असं समितीने सुचवलं. पीककर्ज आलं. पण पीक कुणाचं, हे ठरवायला पुन्हा सातबाराच. आणि त्यावर बाईचं नाव क्वचितच.

आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दुष्काळी माणमधल्या म्हसवडला, हा प्रश्न बायकांनीच उकरून काढला. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर ताडपत्री घालायची होती. त्यासाठी रोजचे चार पैसे साठवायला ती बँकेत गेली, तर इतक्या लहान रकमेचं खातं कोणी उघडेना. तेव्हा चेतना गाला सिन्हा आणि गावच्या बायकांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला: प्रवर्तक सभासद अंगठाबहाद्दर. बायका घरी येऊन रडल्या नाहीत, साक्षरतेच्या वर्गाला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला व्याजाचं गणित घाला, तुमच्या माणसांनाही घाला, पण कॅल्क्युलेटर न देता. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बाजार सोडून बाईला बँकेत येता येत नाही म्हटल्यावर बँकेची माणसं तिच्या पाटीपर्यंत जाऊ लागली. (हे आधी कुणाला सुचलं नाही, याचंच मला नवल वाटतं.)

आजोबा ही बँक निघण्याआधीच गेले. सोसायटीच्या दप्तरात त्यांचं नाव नाही. गावच्या किराणा दुकानदाराने मात्र दहाव्याला उधारीची वही वडिलांपुढे धरली होती. पानावर आजोबांचं नाव, खाली वीसेक वर्षांच्या नोंदी, आणि बाकी शून्य.