मिरगापासून हस्तापर्यंत : नव्या मोटारसायकलस्वारासाठी पावसाळ्याची माहिती

गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठराव्या वर्षानंतर मिळतो. बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या बहुतेक घरांत मुलाच्या किंवा मुलीच्या हातात गाडी येते ती याच सुमारास. कॉलेजे जूनच्या आसपास सुरू होतात आणि मिरगाचा पाऊसही तेव्हाच येतो. त्यामुळे पुष्कळांचे गाडीवरचे पहिले महिने ओल्या रस्त्यावरच जातात. कुणी किणये-जांबोटीकडून शहरात कॉलेजला येतो, कुणी उद्यमबागेत पाळीवर जातो आणि रविवार आला की आंबोली किंवा चोर्ल्याचा बेत ठरतो. या सगळ्यांना उपयोगी पडेल अशी माहिती येथे एकत्र दिली आहे.

पावसात नेमके काय बदलते

गाडी वळते, पळते आणि थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवर. प्रत्येक टायरचा जमिनीला टेकलेला भाग फार तर तळहाताएवढा असतो. रस्ता ओला झाला की ही पकड बरीच कमी होते. चांगल्या डांबरी रस्त्यावरही ती कोरड्याच्या निम्म्याहून थोडी जास्त उरते असे धरून चालावे. चिखल, तेल किंवा शेवाळ असेल तर त्याहूनही कमी.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. समोरचा धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर गाडी पूर्ण थांबायला साधारण एवढे अंतर लागते :

ताशी ४० किमी : कोरड्या रस्त्यावर २० मीटर, ओल्या रस्त्यावर २७ मीटर.
ताशी ६० किमी : कोरड्या रस्त्यावर ३७ मीटर, ओल्या रस्त्यावर ५२ मीटर.

हा सरासरी हिशेब आहे. टायर, रस्ता आणि चालवणाऱ्याचा सराव यांप्रमाणे तो बदलतो. तरी दोन गोष्टी त्यातून स्पष्ट होतात. वेग दीडपट झाला की थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट होते. आणि कोरड्या रस्त्यावर साठने जाणाऱ्याला पावसात तेवढ्याच अंतरात थांबायचे असेल, तर वेग पन्नासच्या आत हवा.

म्हणून पावसाळ्याचा मुख्य नियम एकच : समोरचा जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात गाडी थांबवता आली पाहिजे. पुढची बहुतेक माहिती या एका नियमाचाच विस्तार आहे.

नक्षत्राप्रमाणे रस्ता बदलतो

पावसाळा चार महिन्यांचा असला तरी रस्ता चारही महिने सारखा नसतो. शेतकरी नक्षत्रांवरून पाऊस ओळखतात. गाडी चालवणाऱ्यालाही तोच हिशेब उपयोगी पडतो.

मृग (साधारण ७-८ जूनपासून) : उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ, इंजिनांचे गळलेले तेल आणि टायरची भुकटी पहिल्या सरीत भिजून तिचा निसरडा थर होतो. रिमझिम पाऊस तो थर भिजवतो, पण धुऊन नेत नाही. म्हणून पहिल्या सरींची पहिली पंधरा-वीस मिनिटे विशेष जपण्याची. शक्य असेल तर तेवढा वेळ आडोशाला थांबावे.

आर्द्रा, तरणा आणि म्हातारा (जूनअखेर ते जुलैअखेर) : भाताच्या लावणीचे हे दिवस. चिखलणी करून शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर वळणावर तांबड्या किंवा काळ्या चिखलाचे पट्टे सोडून जातात. खड्डे पाण्याने भरल्यामुळे त्यांची खोली कळत नाही. संततधारेने डांबरावरचे तेल धुऊन गेलेले असते, पण कडेची माती रस्त्यावर आलेली असते.

आश्लेषा आणि मघा (ऑगस्ट) : ऊन-पावसाचा खेळ असतो. उघडलेल्या जागी रस्ता कोरडा आणि झाडीत मात्र ओला व शेवाळलेला. कोरड्या पट्ट्यावर वाढवलेला वेग घेऊन सावलीच्या वळणात शिरणे हा या दिवसांतला नेहमीचा धोका. पुढे गणपतीच्या सुट्टीत गावाकडच्या रस्त्यांवर गर्दीही वाढते.

उत्तरा आणि हस्त (सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा) : दुपारनंतर एकाएकी ढग येतात आणि विजांसह जोराची सर पडते. रेनकोट घरी ठेवायची सवय झालेली असते, तेव्हाच हा पाऊस गाठतो.

गाडीची तयारी

टायर : टायरच्या खाचा पाणी बाजूला सारण्यासाठी असतात. दुचाकीला या खाचा किमान ०.८ मिलिमीटर खोल असाव्यात असा नियम आहे. खाचेच्या तळाशी झिजेची खूण म्हणून छोटा उंचवटा असतो. टायर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आला की तो बदलायलाच हवा. पावसाळ्यापूर्वी मात्र एवढी वाट पाहू नये.

हवा : पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, हा समज चुकीचा आहे. हवा कमी असली की खाचा दबतात आणि पाणी बाहेर फेकले जात नाही. कंपनीने सांगितलेलीच हवा ठेवावी आणि टायर थंड असताना तपासावी.

ब्रेक : लायनर किंवा पॅड झिजलेले असतील तर मिरगाच्या आधी बदलावेत. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक झाले, तर १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस. एबीएसमुळे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होत नाही. अनेक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असते, तेव्हा मागचे चाक जाम होऊ शकते. सीबीएसमध्ये एकाच ब्रेकने दोन्ही चाकांवर जोर येतो, पण चाक जाम होण्यापासून संरक्षण मिळत नाही. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे ते माहीत असावे. यातले काहीही रस्त्याची पकड वाढवत नाही.

चेन आणि दिवे : पावसात चेनवरचे तेल लवकर धुऊन जाते, म्हणून ती एरवीपेक्षा लवकर साफ करून तेल द्यावे. मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा निघण्यापूर्वी पाहावा. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला पावसात तेवढाच दिसतो.

अंगावर काय असावे

हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही लागते. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चार वर्षांवरील प्रत्येकाला लागू आहे. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक असावा. काच पारदर्शक हवी. काळी काच ढगाळ दिवशी आणि रात्री घातक ठरते. श्वासाच्या वाफेने काच धुरकट झाली तर ती बोटभर उघडी ठेवावी.

रेनकोट दोन भागांचा, अंगाबरोबर बसणारा आणि पिवळ्या-नारिंगीसारख्या उठून दिसणाऱ्या रंगाचा घ्यावा. घोळदार रेनकोट वाऱ्याने फुगतो. ओढणी, साडीचा पदर किंवा रेनकोटचे टोक मागच्या चाकात किंवा चेनमध्ये अडकून होणारे अपघात फार वाईट असतात. निघण्यापूर्वी मागे बसणाऱ्याचे कपडे नीट खोचलेले आहेत का ते पाहावे. मागे बसून छत्री उघडणे तर कटाक्षाने टाळावे. वाऱ्याचा एक झोत छत्रीसह गाडी ओढतो.

चपलेऐवजी टाच आणि घोटा झाकणारा, तळाला खाचा असलेला बूट वापरावा. गाडी थांबवताना ओल्या रस्त्यावर पाय घसरला की उभी गाडीही पडते.

चालवताना

पावसात एका वेळी एकच काम करावे. टायरकडे जी थोडी पकड आहे ती ब्रेक, वळण आणि रेस यांच्यात वाटली जाते. म्हणून वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करावा, गिअर उतरवावा, ब्रेक सोडावा आणि मगच वळावे. वळण संपून गाडी सरळ झाल्यावर हलकेच रेस द्यावी.

ब्रेक दोन्ही वापरावेत. पुढच्या ब्रेकने गाडी आडवी होते या भीतीने पुष्कळ नवे स्वार फक्त मागचा दाबतात. त्याने गाडी उशिरा थांबते आणि मागचे चाक जाम होऊन घसरते. पुढचा ब्रेक झटक्यात न ओढता लिंबू पिळल्यासारखा हळूहळू दाबत न्यावा. मागचे चाक घसरू लागले तर हँडल सरळ ठेवून पायाचा जोर कमी करावा. पुढचे चाक घसरल्याचे जाणवले तर पुढचा ब्रेक लगेच सोडून पुन्हा हलका दाबावा.

पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचे अंतर ठेवावे. ती गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की एक ते चार सावकाश मोजावे. चार होण्याआधी आपण त्या खांबापाशी आलो तर अंतर कमी आहे असे समजावे. पुढच्या चारचाकीच्या चाकांनी पाणी बाजूला सारलेल्या पट्ट्यातून चालवणे बरे. लेनच्या मधोमध तेल गळलेले असते आणि कडेला खडी-माती असते.

निसरड्या जागा लांबूनच ओळखायला शिकावे : झेब्राचे पांढरे पट्टे, रंगवलेले गतिरोधक, ड्रेनेजची लोखंडी झाकणे, पुलावरच्या लोखंडी पट्ट्या, शेण, ओला पालापाचोळा. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर तेथे डिझेल किंवा तेल सांडलेले असते. अशा जागी ब्रेक, रेस किंवा वळण काहीही न करता गाडी सरळ पुढे न्यावी. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटांसारख्या ठिकाणी रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत. तिरके गेल्यास चाक रुळावरून घसरते. खड्डा चुकवता येत नसेल तर ब्रेक खड्ड्याआधी मारून खड्ड्यात शिरताना सोडावा.

हे सगळे प्रथम रिकाम्या मैदानात किंवा वर्दळ नसलेल्या रस्त्यावर करून पाहावे. आधी कोरड्यावर ताशी २० किमीने, मग ओल्यावर, आणि बरोबर जाणते माणूस असावे. ब्रेकचा अंदाज हाताला यायला दोन-चार सकाळी पुरतात.

घाट आणि धुके

बेळगावहून कोकण-गोव्याकडे जाणारे रस्ते सह्याद्री ओलांडतात : वेंगुर्ला रस्त्यावर आंबोली, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, लोंढ्यावरून अनमोड. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेळगाव शहरातला पाऊस त्याच्या पाव भागाहूनही कमी. त्यामुळे शहरातले आभाळ पाहून घाटाचा अंदाज करू नये.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नये आणि पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिनही बंद करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवते आणि ब्रेकवरचा भार कमी होतो. वळणावर मधल्या रेषेला चिकटू नये, कारण समोरून येणारी बस वळताना रेषेच्या अलीकडे येते.

धुक्यात हेडलाइट खाली ठेवावा. वरचा प्रकाश धुक्यावरून परतून डोळ्यांवर येतो. मुख्य नियम येथे अक्षरशः लागू होतो. रस्ता पंधरा मीटरच दिसत असेल तर ताशी २५ किमी हा वेगही वरचा आहे. पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून तिच्यामागे जाऊ नये. थांबायचेच असेल तर गाडी डांबरावरून पूर्ण खाली घ्यावी, पण दरडीखाली थांबू नये. धबधब्यापाशी फोटोसाठी वळणावर गाडी लावणे आपल्याइतकेच इतरांनाही धोक्याचे आहे.

वाहते पाणी आणि विजा

पुलावरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये. गुडघ्याखालचा प्रवाहही दुचाकीला बाजूला ढकलतो, आणि गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला हे वरून कळत नाही. साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यातून जावे लागलेच तर पहिल्या गिअरमध्ये एकसारखी रेस ठेवून जावे. बाहेर आल्यावर दोन्ही ब्रेक हलके दाबत थोडे अंतर चालवावे, म्हणजे ते सुकतात. पाण्यात बंद पडलेली गाडी तेथेच सुरू करू नये. ढकलत बाहेर आणावी.

विजा चमकत असतील तर पक्क्या इमारतीत थांबावे. एकाकी झाडाखाली किंवा उघड्या माळावर थांबू नये. रबरी टायरमुळे वीज लागत नाही हा समज खरा नाही.

अपघात झाल्यास

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांत चालतात. घाटात राज्य बदलले तरी ते बदलत नाहीत. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये, कारण मानेला इजा असू शकते. श्वास अडत असेल तरच दोघांनी मान स्थिर धरून ते काढावे. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चौकशीची भीती वाटते. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

घरच्यांसाठी

पावसात थांबलेल्या मुलाला वारंवार फोन करून “कुठवर आलास?” असे विचारले की तो निघतो, आणि घाईने निघतो. उशीर झाला तरी चालेल, हे त्याला सकाळीच सांगून ठेवावे. नव्या स्वाराने वाटेतली थांबण्याची दोन-तीन ठिकाणे आधीच ठरवावीत : एखादे बसथांब्याचे शेड, ओळखीचे दुकान, नातेवाइकांचे घर. जोराची सर बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ हाताशी ठेवून घरातून निघावे.