वाटणीआधी मोजणी : प्रस्तावना

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघाले की काल्हेर लागते. शेतजमिनींवर गोदामे उभी राहिलेल्या या पट्ट्यात कायदा पुस्तकाआधी घरात शिरतो : सातबाऱ्यावरची नावे, गोदामाचा भाडेकरार, वारसांच्या सह्या. बारावीनंतर पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला जाऊ पाहणाऱ्या इथल्या मुलामुलींनी या विषयाला बिचकू नये. त्यासाठीच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेला कलमे पाठ असावी लागत नाहीत. नियम उताऱ्यातच असतो, तो प्रसंगाला लावून दाखवायचा.

तिच्या तयारीचे वेळापत्रक हेही वाटणीपत्रच. आणि वाटणीआधी मोजणी हवी. कॉलेज, घरकाम आणि कंटेनरांच्या कोंडीत जाणारा वेळ वजा जाता आठवड्याचे अकरा तास उरतात, असे धरू. त्यांतले दहा वाटू. अकराव्याचे शेवटी सांगतो. क्लॅटच्या १२० प्रश्नांत चालू घडामोडी आणि कायदेविषयक तर्क यांचा हिस्सा साधारण पाव-पाव, इंग्रजी आणि तर्कशक्तीचा एकेक पंचमांश, गणिताचा जेमतेम दहावा. म्हणजे अडीच, अडीच, दोन, दोन आणि एक तास. गणिताच्या धास्तीने त्याला पाच तास देणारा दुसऱ्याचा हिस्सा खातो.

दुसरी मोजणी महिन्यांची. क्लॅट आता डिसेंबरात होते, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि राज्याची विधी सीईटी त्यानंतर. क्लॅटमधून मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जाता येते. सीईटीतून १८५५ साली सुरू झालेल्या मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात. अकरावीच्या जूनपासून क्लॅटपर्यंत दीड वर्ष मिळते. पहिले सहा महिने वाचनाचे : सीईटीचे प्रश्न मराठीतही असतात, पण क्लॅट इंग्रजीतच आणि तिचे उतारे साडेचारशे शब्दांपर्यंतचे. मराठी माध्यमाच्या मुलाला ही बैठक महिन्याभरात जमत नाही. लांबच्या योजनेचे खरे कारण हेच. पुढचे आठ महिने विषयवार सरावाचे, शेवटचे चार घड्याळ लावून दोन तासांच्या पूर्ण पेपरांचे. क्लॅट संपली की बोर्ड, फक्त बोर्ड. त्यानंतर सीईटीसाठी एक सवय मोडावी लागते : क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणून हात आखडतो, सीईटीत गुण कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

आता अकरावा तास. शेत वाटताना जाणती माणसे गाडीवाट सोडतात. ती कुणाच्या हिश्श्यात येत नाही, पण तिच्यावाचून कुणालाच आपल्या तुकड्यापर्यंत पोहोचता येत नाही. हा तास तसाच सामाईक ठेवावा, आठवड्यात चुकलेली उत्तरे पुन्हा पाहण्यासाठी. पुढची प्रकरणे वाचण्याआधी वहीत तो आखून घ्या.

काल्हेर, ता. भिवंडी