पाच दिवसांची ठेव

मनुष्याच्या रक्तात तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट्स, नावाचा अतिसूक्ष्म घटक असतो. रक्तवाहिनीस इजा होताच प्रथम धावून येतात त्या याच, हे तुरिन येथील जूलिओ बित्सोत्सेरो यांनी १८८२ साली दाखवून दिले. १९१० साली अमेरिकन वैद्य विल्यम ड्यूक यांनी बिंबिका घटलेल्या रुग्णांस ताजे रक्त दिले, तेव्हा त्यांचा रक्तस्राव थांबला.

उपाय हाती आला, परंतु तो साठविता येईना. रक्तपेढीची सारी व्यवस्था तांबड्या पेशींच्या सोयीने बसविलेली होती. काचेची बाटली आणि शीतकपाट त्यांना मानवत असे. बिंबिका मात्र काचेस चिकटत आणि थंडीने निकामी होत. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली मुले रक्तस्रावानेच दगावत. साठविलेल्या रक्ताने तो थांबत नसे. एमिल फ्रायराइश यांनी ताज्या रक्ताचा व पुढे वेगळ्या काढलेल्या बिंबिकांचा अवलंब केला, तेव्हा तो आटोक्यात येऊ लागला.

याच सुमारास कार्ल वॉल्टर यांनी प्रचारात आणलेल्या प्लास्टिकच्या पिशवीने हे काम सुकर केले. एकमेकींस जोडलेल्या पिशव्यांत रक्त बाहेरच्या हवेस न लागता विभागता येते. रक्तदानानंतर काही तासांच्या आत, रक्त थंड होऊ न देता, पिशवी प्रथम मंद गतीने फिरवितात. तांबड्या पेशी तळाशी बसतात, बिंबिका वरच्या रक्तद्रवात राहतात. तो द्रव दुसऱ्या पिशवीत घेऊन वेगाने फिरविला की बिंबिका खाली जमतात. सुमारे ५० घनसेंटिमीटर द्रव ठेवून उरलेला काढून घेतात. पिशवी काही काळ निश्चल ठेवून मग बिंबिका हलक्या हाताने त्यात पुन्हा मिसळतात.

साठवणीचा प्रश्न तरीही उरलाच. १९६९ साली स्कॉट मर्फी व फ्रँक गार्डनर यांनी दाखविले की, ४ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या बिंबिका शरीरात गेल्यावर लवकर नाहीशा होतात, २२ अंशांस ठेवलेल्या अधिक काळ टिकतात. जो गारवा तांबड्या पेशींचा रक्षक, तोच बिंबिकांचा वैरी ठरला. म्हणून आज त्या २० ते २४ अंशांत, प्राणवायू आत शिरू देणाऱ्या पिशवीत, अखंड हेलकावत ठेवतात.

या उबेत जंतूही वाढू शकतात. त्यामुळे ही ठेव सामान्यतः पाचच दिवसांची असते. तांबड्या पेशी काही आठवडे राखता येतात. बिंबिकांचा मोठा साठा करून ठेवता येत नाही. या आठवड्यातील रुग्णाची मदार या आठवड्यातील रक्तदात्यावरच असते.